गच्चीवरची तार

एक मामा पुण्याला भाच्याकडे आले. मामा जुन्नर तालुक्यातले शेतकरी. भाचा कोथरूडला राहतो. चार मजल्यांची इमारत आणि वर मोठी गच्ची. सकाळी अंघोळ आटोपून मामा गच्चीवर उन्हाला गेले. पाहतात तो काय! गच्चीच्या एका टोकाला खांब, दुसऱ्या टोकाला त्याहून उंच खांब. दोन्हींच्या मध्ये दोन तारा ताणलेल्या. एक तार वर, एक तार खाली. मधे मधे काड्या बसवलेल्या. जणू आडवी धरलेली शिडीच!

मामांनी हाक मारली, "आरं, ही कपड्यांची दोरी एवढी उंच कशापायी बांधलीस? हात तरी पोचतो का कुणाचा?"

भाचा हसला. म्हणाला, "मामा, हात पोचू नये म्हणूनच ती उंच आहे. ती कपड्यांची दोरी नाही. ती बोलण्याची तार आहे."

"तारेवर बोलतोस? मग खिशात मोबाइल आहे तो कशाला?"

मामांचा प्रश्न बरोबर होता. तुम्हालाही तोच पडला असेल. त्याचे उत्तर सावकाश पाहू.

ऐकणारा रेडिओ, बोलणारा रेडिओ

रेडिओ आपल्याला नवा नाही. पुण्याला आकाशवाणीचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. पुढे १९५६ साली या केंद्राने खेड्यांसाठी एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली. गावकरी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकत. ऐकून झाल्यावर त्यावर बोलत. मग आपले प्रश्न केंद्राला लिहून कळवत.

प्रश्न लिहूनच कळवावे लागत. कारण घरातला रेडिओ फक्त ऐकतो. तो उलट बोलत नाही. एक बोलणार, हजारो ऐकणार.

पण रेडिओचा दुसराही एक प्रकार आहे. त्यात दोघेही बोलतात आणि दोघेही ऐकतात. एक म्हणतो, "नमस्कार, ऐकू येते का?" दुसरा शेकडो मैलांवरून म्हणतो, "येते, येते. बोला." मध्ये तार नाही, मनोरा नाही, कुठली कंपनी नाही. हा आहे हौशी लोकांचा रेडिओ. याला 'हॅम रेडिओ' असेही म्हणतात. जगभर लाखो माणसांना ही हौस आहे. आपल्या देशात ती १९२१ सालापासून आहे. त्यांत शिक्षक आहेत, दुकानदार आहेत, शेतकरीही आहेत.

पुण्याचे आणि बिनतारी संदेशाचे नाते तर फार जुने आहे. १९२७ साली पुण्याजवळ खडकी येथून थेट इंग्लंडला बिनतारी संदेश जाऊ लागले. तिकडून येणारे संदेश दौंडला पकडले जात. त्यासाठी उंच मनोरे उभारून त्यांना तारांचे पडदेच्या पडदे टांगले होते. भाच्याच्या गच्चीवरची तार म्हणजे त्याच घराण्यातली लहान मुलगी समजा.

या तारेला एरियल म्हणतात. अँटेना असेही म्हणतात. यंत्र खोलीत असते. यंत्र आपल्या बोलण्याची वीज करते. ती वीज केबलमधून एरियलला जाते. एरियल तिच्या लाटा करून आकाशात सोडते. आणि दुसऱ्याच्या लाटा आल्या की त्या पकडून यंत्राला देते. यंत्र कितीही भारी असो, एरियल नीट नसेल तर सारे फुकट. विहिरीला पाणी भरपूर आहे, पण पोहरा फुटका आहे, असे होते.

झोका आणि पाट

आता या तारेची एक गंमत पाहा.

आपण पोराला झोक्यावर बसवतो. झोक्याची एक लय असते. त्या लयीत धक्का दिला तर थोड्या जोरात झोका उंच जातो. लय चुकली तर कितीही जोर लावा, झोका अडखळतो. साध्या एरियलचे तसेच आहे. तारेच्या लांबीवर तिची लय ठरते. लांब तार, मोठी लाट. आखूड तार, छोटी लाट.

हौशी रेडिओला सरकारने लाटांचे ठरावीक पट्टे नेमून दिले आहेत. त्यातल्या एका पट्ट्यावर दर सेकंदाला सुमारे ७० लाख लाटा निघतात. यातली एक लाट सुमारे ४२ मीटर लांब असते. तिच्यासाठी साधे एरियल बांधायचे तर त्याच्या अर्धी, म्हणजे सुमारे २० मीटर तार लागते. दुसऱ्या पट्ट्यावर सेकंदाला १ कोटी ४० लाख लाटा. तिथे १० मीटर तार पुरते. त्याच्यापुढच्या पट्ट्यांना आणखी आखूड तार.

"मग एकच पट्टा धरावा आणि एकच तार बांधावी," मामा म्हणाले.

"तसे चालत नाही मामा," भाचा म्हणाला. "आकाश दिवसा वेगळे आणि रात्री वेगळे असते."

हे खरे आहे. आपल्या डोक्यावर सुमारे १०० ते ४०० किलोमीटर उंचीवर विजेने भारलेल्या विरळ हवेचे थर आहेत. सूर्याच्या उन्हाने ते तयार होतात. रेडिओच्या लाटा तिथवर जातात आणि आरशावरून कवडसा परतावा तशा खाली वळतात. म्हणून त्या डोंगराआड, समुद्रापार पोचतात. पण सूर्य मावळला की हे थर बदलतात. दुपारी जो पट्टा चांगला चालतो, तो रात्री मुका होतो. रात्री चालणारा पट्टा दुपारी थकतो. म्हणून बोलणाऱ्याला पट्टा बदलता आला पाहिजे. एकाच झोक्यावर भागत नाही.

दर पट्ट्याला वेगळी तार बांधावी तर गच्चीवर कोळ्याचे जाळे होईल. यावर एक तोड आहे. सगळ्या पट्ट्यांना चालेल असे एकच एरियल बांधायचे. त्याला 'ब्रॉडबँड एरियल' म्हणतात. ब्रॉडबँड म्हणजे रुंद पट्टा. घरी इंटरनेट येते त्यालाही आपण ब्रॉडबँड म्हणतो. ते वेगळे, हे वेगळे. नावापुरते भाऊ.

हे एरियल चालते कसे? पाटाचे पाणी डोळ्यापुढे आणा. पाटाच्या टोकाला पक्का बांध घातला तर पाण्याची लाट बांधावर आपटते आणि उलटी फिरते. येणारी लाट आणि फिरलेली लाट एकमेकींत अडकतात. पण टोकाला बांध न घालता वाळूचा खड्डा केला तर? लाट खड्ड्यात जाते आणि जिरते. उलटी फिरत नाही.

भाच्याच्या एरियलमध्ये असाच एक खड्डा आहे. वरच्या तारेच्या बरोबर मध्यावर एक लहानशी वस्तू बसवली आहे. तिला रेझिस्टर म्हणतात. ती विजेला विरोध करते आणि शेगडीच्या कॉइलसारखी तापते. जी लाट आकाशात गेली नाही ती इथे जिरते. उलटी फिरून यंत्राला त्रास देत नाही. म्हणून लय जुळो वा न जुळो, एरियल अनेक पट्ट्यांवर चालते. ही जात दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेच्या आरमारात पुढे आली. जहाजाला आणि तळाला अनेक पट्ट्यांवर बोलावे लागते, आणि तारा बदलत बसायला वेळ नसतो.

पण फुकट काही मिळत नाही. खड्ड्यात जिरलेले पाणी पिकाला मिळत नाही. तसेच रेझिस्टरमध्ये जिरलेली शक्ती आकाशात जात नाही. काही पट्ट्यांवर थोडी शक्ती वाया जाते, तर काहींवर निम्म्याहून जास्त. म्हणून ज्याला एकाच पट्ट्यावर बोलायचे आहे आणि जागाही भरपूर आहे, त्याने साधी तार बांधावी. ती जास्त चांगली. ज्याला गच्ची लहान आणि पट्टे अनेक, त्याने ही बांधावी.

तारेचे माप

भाच्याच्या एरियलची मापे अशी आहेत. लांबी सुमारे १४ मीटर. दोन तारांमधले अंतर सुमारे ४३ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक हात. तार तांब्याची. मधल्या काड्या प्लॅस्टिकच्या. दोन्ही टोकांना वरची आणि खालची तार एकमेकींना जोडलेली. खालच्या तारेच्या मध्यावर एक लहान डबी. तिला 'बॅलन' म्हणतात. तारेची चाल आणि केबलची चाल यांचा मेळ ती घालते. तिथून काळी गोल केबल खोलीत उतरते. टीव्हीच्या छत्रीला असते तशीच, पण जाड.

एरियल तिरपे आहे. खालचे टोक गच्चीपासून ३ मीटरवर. वरचे टोक सुमारे ८ मीटरवर. तिरपे ठेवले की लाटा एकाच बाजूला न जाता चहूकडे जातात. खांब लोखंडी पाइपचे आहेत. तंबूला असतात तसे त्यांना तीन बाजूंनी तणावे दिले आहेत. उंच खांबाला कप्पी आहे. दोरी सैल केली की तार खाली येते. दुरुस्तीला खांबावर चढावे लागत नाही.

आधी विचारा, मग खांब रोवा

मामा म्हणाले, "हे सारं एका दिवसात झालं असंल."

भाचा जरा ओशाळला. "बांधायला एक दिवस लागला मामा. पण आधी एकदा बांधून उतरवावे लागले."

झाले होते असे. पहिल्या वर्षी भाच्याने कोणालाच विचारले नाही. रविवारी मित्राला बोलावले आणि दुपारपर्यंत तार बांधून मोकळा झाला. त्या वेळी खालचे टोक कसेबसे पुरुषभर उंच होते. थोड्या दिवसांनी संक्रांत आली. पोरे गच्चीवर पतंग उडवू लागली. एका पोराचा पतंग तारेत अडकला. पोरगे कठड्यावर चढले, एका हाताने खांब धरला आणि दुसऱ्या हाताने तारेकडे झेपावले. खाली चार मजले! शेजारच्या आजींनी ते पाहिले आणि किंचाळल्या. कोणीतरी धावत येऊन पोराला मागे ओढले. म्हणून वाचले.

संध्याकाळी सोसायटीची सभा बसली. भाच्याला बोलावले. सगळे चिडलेले. आजी म्हणाल्या, "तुझी हौस तुला लखलाभ. पण पोर गेले असते तर?"

भाच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने तार उतरवली.

पुढे चार महिने त्याने घाई केली नाही. सोसायटीला अर्ज लिहिला. कागदावर नकाशा काढला. खांब कुठे, तार किती उंच, केबल कोणत्या बाजूने, सारे दाखवले. आपला सरकारी परवाना सभेत ठेवला. शेजाऱ्यांना खोलीत नेऊन यंत्र दाखवले. काही मोडले, कोणाला इजा झाली तर जबाबदारी माझी, असे लिहून दिले. मग सोसायटीने लेखी होकार दिला. खालचे टोक वर गेले. खांब कठड्यापासून आत आले. खांबाला पाटी लागली : 'हात लावू नये.'

गच्ची सगळ्यांची असते, एकट्याची नसते. भाड्याचे घर असेल तर मालकाला विचारावे. सोसायटी असेल तर सभेला विचारावे. विमानतळाच्या आसपास उंच बांधकामाला वेगळे नियम आहेत, तेही पाहावेत.

आणि सर्वांत आधी सरकारी परवाना. हौशी रेडिओवर कोणीही उठून बोलू शकत नाही. केंद्र सरकारच्या संचार खात्याची परीक्षा असते. १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ती देता येते. पास झाल्यावर परवाना मिळतो आणि त्याबरोबर एक खूण मिळते. गाडीला नंबर असतो तशी. भारतातल्या या खुणा बहुतेक 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. बोलताना ती खूण सांगावी लागते. या रेडिओवर धंदा करायचा नाही. पैसे घ्यायचे नाहीत. गाणी लावायची नाहीत. गुप्त भाषेत बोलायचे नाही. सारे उघड्यावर.

मरण डोक्यावरून जाते

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही नीट वाचा. घरी एरियल नसले तरी वाचा.

एरियल बांधताना माणसे कशाने मरतात? रेडिओने नाही. विजेच्या तारेने. खांब उभा करताना तो तोल जाऊन कलंडतो. जवळून विजेची तार जात असते. लोखंडी खांब तिला टेकतो. खांब धरलेली माणसे जागच्या जागी मरतात. तांब्याची तार ताणताना हातातून सुटली आणि विजेच्या तारेवर पडली तरी तेच.

म्हणून नियम असा : खांब कोणत्याही बाजूला आडवा पडला तरी विजेच्या तारेपर्यंत पोचू नये. त्यावर आणखी काही मीटर जागा सोडावी. एरियलची तार विजेच्या तारेच्या वरून नेऊ नये, खालूनही नेऊ नये. जागा नसेल तर एरियल बांधू नये. वारा सुटला असेल तर त्या दिवशी काम थांबवावे. एकट्याने काम करू नये.

हे ऐकून मामा गप्प झाले. मग म्हणाले, "शेतात बोअरचा पाइप वर काढताना हेच होतं बघ. पाइप वर जातो आणि वरून लाइन गेलेली असते."

मामांनी लाख मोलाचे सांगितले. बोअरचा पाइप, तुषार सिंचनाचा ॲल्युमिनियमचा पाइप, लोखंडी शिडी, फळे काढायचा ओला बांबू : उभे करण्याआधी मान वर करून पाहा. वर तार असेल तर आधी वीज कंपनीच्या माणसाला सांगून लाइन बंद करून घ्या. तार कोटिंगची दिसली तरी तिच्यावर विसंबू नका.

पाऊस, वीज आणि मांजा

तार बांधून झाली म्हणजे काम संपले, असे नाही. गाय घेतली की रोज वैरण घालावी लागते. तारेलाही राखण लागते.

पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस येतो. दुपारी ढग दाटतात आणि गडगडाट होतो. विजेला उंच वस्तू आवडते. म्हणून खांबापासून जाड तांब्याची पट्टी थेट जमिनीपर्यंत नेऊन तिला चांगले अर्थिंग करावे. पण अर्थिंग केले म्हणजे वीज पडली तरी काही होणार नाही, असे मानू नये. ढग दिसू लागताच केबल यंत्रापासून सोडवून घराबाहेर ठेवावी. गडगडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावायला जाऊ नये. तेव्हा गच्चीवरही जाऊ नये. यंत्र गेले तर दुसरे घेता येते, माणूस घेता येत नाही.

मग पावसाळा. पाणी केबलच्या जोडातून आत शिरते आणि तांबे हिरवे पडते. म्हणून जोडावर रबरी टेप घट्ट गुंडाळावी. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा. पाणी झोळाच्या तळातून टपकते, भिंतीतून आत येत नाही.

संक्रांतीला मांजा अडकतो. ओला मांजा दोरी कापतो, तारेवर ओढ आणतो. कप्पीने तार खाली घेऊन तो काढावा. तारेवर कबुतरे, साळुंक्या बसतात. पक्ष्यांचे वजन तारेला सोसते, पण नायलॉनची दोरी उन्हाने झिजते. म्हणून वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, खांब, तणावे, दोरी, जोड तपासावेत. भाचा हे तारीख घालून वहीत लिहून ठेवतो.

शेजार सांभाळणे

एके दिवशी शेजारच्या आजी पुन्हा आल्या. म्हणाल्या, "बाळा, तू बोलायला लागलास की माझ्या टेपमधून बदकासारखा आवाज येतो रे."

भाच्याने वाद घातला नाही. आजींच्या घरी गेला. खोलीत दुसऱ्या माणसाला बोलायला लावून स्वतः ऐकले. आजी खरे बोलत होत्या. स्पीकरची वायर लांब होती. तीच एरियल होऊन लाटा पकडत होती. भाच्याने वायर आखूड गुंडाळली आणि तिच्यावर फेराइटचे काळे कडे चढवले. आपल्या यंत्राची शक्तीही थोडी कमी केली. बदक पळाले. तेव्हापासून आजी कधी खीर केली तर वाटी पाठवतात.

आजींनी आणखी विचारले, "या लाटांनी आजार तर होत नाहीत?" प्रश्न योग्य आहे. रेडिओच्या लाटा क्ष-किरणांसारख्या नसतात. त्यांचा मुख्य परिणाम उष्णतेचा आहे. यंत्र बोलत असताना तारेला हात लावला तर चटका बसतो, भाजते. म्हणून तार हाताच्या वर हवी आणि माणसांपासून दूर हवी. भाचा बोलायला बसण्याआधी गच्चीवर जाऊन पाहतो. तारेजवळ कोणी नाही ना, याची खात्री करतो. त्याचे यंत्र १०० वॉटचे आहे. जुन्या मोठ्या दिव्याला लागे तेवढेच. आणि बोलणे थांबले की लाटाही थांबतात.

शेजाराचा त्रास उलटाही असतो. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर यांतून बारीक खरखर निघते. ब्रॉडबँड एरियल सगळ्या पट्ट्यांवर ऐकते, म्हणून सगळीकडची खरखरही गोळा करते. भाच्याने पहिल्यांदा आपल्याच घरातले दिवे एकेक करून बंद केले आणि ऐकले. निम्मी खरखर त्याच्याच स्वयंपाकघरातल्या एका स्वस्त दिव्याची निघाली!

"शांतता लागते म्हण की," मामा म्हणाले. "आमच्याकडे खोडदला त्या मोठ्या छत्र्या आहेत. त्याही ऐकतातच ना?"

मामा बरोबर बोलले. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे मोठी रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० छत्र्या आहेत. एकेक छत्री ४५ मीटर रुंद. त्या बोलत नाहीत, फक्त ऐकतात. आकाशातल्या ताऱ्यांकडून, दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या अतिशय क्षीण लाटा ऐकतात. शहराचा कलकलाट तिथे कमी म्हणून ती जागा निवडली. भाच्याची तार त्यांच्यापुढे किडामुंगी. पण ऐकण्याचा धर्म एकच.

एवढा खटाटोप कशासाठी?

आता मामांच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. खिशात मोबाइल असताना हे कशाला?

मोबाइल मनोऱ्यावर चालतो. मनोऱ्याला वीज लागते, जमिनीखालची केबल लागते. मनोरा पडला, वीज गेली, केबल तुटली की मोबाइल मुका. नेमके संकटातच हे सारे तुटते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. लोक विसर्जन करून झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. हजारो माणसे दगडमातीखाली गेली. त्या वेळी कोण जिवंत आहे, कुठे औषध हवे, कुठे तंबू हवेत, हा निरोप जाणे म्हणजेच मदत जाणे. अशा वेळी हौशी रेडिओवाले आपली यंत्रे घेऊन मदतीला गेले. २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातेत भूज भागात भूकंप झाला, तेव्हाही गेले.

अंदमानची हकिकत तर ऐकण्यासारखी आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या दिल्लीच्या बाई आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. हौस म्हणून जगभरच्या लोकांशी रेडिओवर बोलत होत्या. २६ डिसेंबरला भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामीच्या लाटा आल्या. बेटांचा संपर्क तुटला. बाईंनी हौस बाजूला ठेवली. त्याच यंत्रावरून संकटाचे निरोप द्यायला सुरुवात केली. बेटांवर अडकलेल्या माणसांची खुशाली त्यांच्या नातेवाइकांपर्यंत पोचू लागली. कालची हौस आज आधार झाली.

यंत्र चालायला काय लागते? ट्रॅक्टरला असते तशी १२ व्होल्टची बॅटरी, एक तार आणि शिकलेला माणूस. आणि गंमत म्हणजे तार फार उंच नसली तरी चालते. ४० मीटरची लाट कमी उंचीवरच्या तारेतून बरीचशी सरळ वर जाते आणि पावसाच्या सरीसारखी आसपासच्या शेकडो किलोमीटरांत परत उतरते. डोंगर मधे आला तरी अडत नाही. म्हणून पुण्यातल्या गच्चीवरून मराठवाड्याशी, कोकणाशी दिवसा चांगले बोलता येते.

पण संकट आल्यावर तार बांधायला धावून उपयोग नाही. विहीर आग लागल्यावर खणत नाहीत. तार आधी बांधलेली हवी, हात सरावलेला हवा, परवाना खिशात हवा. रोजची हौस म्हणजे त्या एका दिवसाची तालीम.

लातूरचा आवाज

दुपारी भाच्याने यंत्र लावले. मामा शेजारी खुर्ची ओढून बसले. आधी नुसती खरखर. भाच्याने आपली खूण सांगितली. थोडा वेळ थांबला. पुन्हा सांगितली. एकाएकी खरखरीतून स्वच्छ आवाज आला. "नमस्कार पुणे. मी लातूरहून बोलतोय. तुमचा आवाज छान येतोय."

मामा दचकले. हळूच म्हणाले, "लातूर? त्या साली मी ट्रकमध्ये धान्य घेऊन तिकडं गेलो होतो. गावं नव्हतीच. नुसते दगड." मग जरा थांबून म्हणाले, "मी बोलू का रे दोन शब्द?"

"नाही मामा. परीक्षा दिलेल्यानेच बोलायचे, असा नियम आहे. पण तुमचा नमस्कार मी सांगतो."

त्याने सांगितला. तिकडून उत्तर आले, "मामांना आमचाही नमस्कार. इकडे पाऊस बरा आहे. सोयाबीन चांगले आहे."

मामा हसले. नंतर पुन्हा गच्चीवर गेले. तारेकडे बराच वेळ पाहत उभे राहिले. खाली आले तेव्हा म्हणाले, "आमच्या शाळेतल्या पोरांना बारा वर्षं पुरी झाली की ही परीक्षा देता येते म्हणालास ना? मग एक दिवस ये गावाकडं. पोरांना दाखव. पण येशील तेव्हा आधी ग्रामपंचायतीला विचारू, मग खांब रोवू."

भाचा म्हणाला, "आणि खांब रोवण्याआधी, मामा?"

मामा म्हणाले, "मान वर करून बघू. वरून लाइन तर जात नाही ना!"